आनापानस्मृती आणि सूर : तेरणाकाठी उभा राहिलेला एक प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी आणि सास्तूर परिसराची भूमी हादरली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गावोगावच्या मिरवणुकांतील ढोल-ताशांचा गजर रात्री उशिरा शमला होता आणि लोक नुकतेच झोपी गेले होते. उजाडणारा दिवस भाद्रपद पौर्णिमेचा, म्हणजे वर्षावासातील उपोसथाचा होता. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ५२ गावे जुन्या जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली.

या आपत्तीची एक बाजू इतिहासात फारशी नोंदली जात नाही. ती बाजू कानाची आहे. किल्लारीच्या लोकांना भूकंपापूर्वी वर्षभर जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकू येत होते. १९९२ च्या पावसाळ्यापासून लहान-मोठे धक्के बसू लागले होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ च्या धक्क्याने तर घरांच्या भिंतींना तडे गेले होते. म्हणजे या भागातील माणसांना भूमीची ओळख आधी ध्वनीतून झाली आणि मग मृत्यूतून. ज्याच्या कानाने असा आवाज साठवला आहे, त्याला रात्रीची शांतता विश्रांती देतेच असे नाही. शांततेत तो पुढच्या आवाजाची वाट पाहत राहतो.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे आपल्या विहारांतून आणि ध्यान शिबिरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. श्वासावर चित्त एकाग्र करताना सोबत मंद संगीत लावावे काय? बाजारात ध्यानासाठी म्हणून तयार केलेल्या ध्वनिफितींचा काळ गेला आणि आता मोबाइलवर तासन्‌तास चालणारे असे संगीत फुकट मिळते. पाण्याची खळखळ, घंटेचा नाद, बासरीचा लांबवलेला सूर आणि त्याखाली सतत घुमणारा खर्ज, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. कोणी म्हणतात, याने चित्त लवकर शांत होते. कोणी म्हणतात, हे धम्माला धरून नाही. दोन्ही पक्ष बहुधा आपापल्या अनुभवावरून बोलतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे आणि मग पुन्हा किल्लारीकडे यावे, असा हेतू आहे.

वैशालीचा प्रसंग

आनापानस्मृतीचा विचार करताना आपण सहसा मज्झिम निकायातील आनापानसती सुत्ताकडे वळतो. श्रावस्तीच्या पूर्वारामात, मिगारमातेच्या प्रासादात तथागतांनी श्वासाच्या सजगतेचे सोळा टप्पे सांगितले, हे सर्वश्रुत आहे. परंतु संयुत्त निकायात आणि विनयपिटकात याच साधनेचा एक वेगळा, अधिक हृदयद्रावक संदर्भ आहे. वैशाली येथे भिक्खू देहाच्या अशुभतेची भावना करीत होते. तथागत अर्धा महिना एकांतात होते. त्या काळात अनेक भिक्खूंना देहाची इतकी किळस आली की त्यांनी जीवन संपविले. एकांतातून बाहेर आल्यावर तथागतांना संघ विरळ झालेला दिसला. त्यांनी आनंदाला कारण विचारले आणि उरलेल्या सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून आनापानस्मृतीचा उपदेश केला. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात उडालेली धूळ अवकाळी पावसाची मोठी सर जशी खाली बसविते, तशी ही साधना मनात उठलेल्या अकुशल गोष्टी शमविते, अशी उपमा त्यांनी दिली.

हा प्रसंग नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्यांच्यातून अनेकजण अकस्मात निघून गेले आणि जे मागे उरले, त्यांच्यासाठी आनापान सांगितले गेले. श्वासाची साधना हे फावल्या वेळेचे सुख नाही. मृत्यूच्या सान्निध्यात जगणाऱ्यांना तथागतांनी दिलेला तो आधार आहे. म्हणूनच किल्लारीच्या संदर्भात तिचा विचार करणे अप्रस्तुत ठरत नाही.

या साधनेचे दुसरे वैशिष्ट्यही येथेच नोंदवावे. श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे हे जाणायचे, आखूड असेल तर तो आखूड आहे हे जाणायचे. श्वास मुद्दाम लांबवावा किंवा रोखावा असे तेथे सांगितलेले नाही. आनापान म्हणजे प्राणायाम नव्हे. हा भेद पुढे संगीताच्या प्रश्नात निर्णायक ठरणार आहे.

पाली वाङ्मयातील सुराचे स्थान

पाली वाङ्मयात संगीताविषयी एकच एक भूमिका आढळत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

अंगुत्तर निकायात वैशालीच्याच महावनातील एक प्रसंग आहे. लिच्छवी राजपुरुष रथांच्या गडगडाटात तथागतांच्या दर्शनाला येऊ लागले, तेव्हा काही थेर भिक्खू तो गोंगाट टाळण्यासाठी गोसिंग सालवनात निघून गेले. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली आणि पहिल्या ध्यानाला शब्द, म्हणजे ध्वनी, हा काट्यासारखा असतो असे सांगितले. उपोसथाच्या अष्टशीलातही नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून विरत राहण्याचे शील आहे. मात्र गृहस्थ उपासकाच्या नित्य पंचशीलात ते नाही, हेही विसरता कामा नये.

विनयपिटकातील चुल्लवग्गात षड्वर्गीय भिक्खूंची हकीकत आहे. ते धम्म लांबलचक गाण्याच्या सुरात म्हणू लागले. लोकांनी नावे ठेवली की, आम्ही गातो तसेच हे शाक्यपुत्रीय श्रमणही गातात. तेव्हा तथागतांनी अशा गायनाचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच्या आवाजात आसक्त होतो. ऐकणारे त्या आवाजात आसक्त होतात. गृहस्थ टीका करतात. सुराची कारागिरी साधू पाहणाऱ्याची समाधी भंगते. आणि पुढची पिढी तेच अनुकरण करू लागते. पण कथा येथे संपत नाही. भिक्खूंना सुरात धम्म म्हणण्याचा संकोच वाटू लागला, तेव्हा तथागतांनी सरभञ्ञाची, म्हणजे संयत स्वरात केलेल्या पठणाची अनुज्ञा दिली. आज आपण विहारात ज्या लयीत वंदना म्हणतो, तिचे मूळ या अनुज्ञेत आहे.

दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात तर वीणेचेच वर्णन आहे. वेदियक पर्वतावरील इंदसाल गुहेत तथागत एकांतात बसले असता सक्काने पंचशिख गंधर्वाला पुढे पाठविले. पंचशिखाने बेलुवपण्डु वीणेवर गीत गायिले. तारांचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांत चांगले मिसळले आहेत, असे म्हणून तथागतांनी त्याचे कौतुक केले. येथे एक बाब सूक्ष्म आहे. ते संगीत ध्यानासाठी वाजविलेले नव्हते. ते भेटीपूर्वी दारावर दिलेली हळुवार थाप होती. गीत संपले, संवाद सुरू झाला आणि प्रश्नोत्तरे धम्माची झाली.

आणि सोण कोळिविसाची वीणा तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. चंक्रमण करून पाय रक्तबंबाळ झालेल्या सोणाला तथागतांनी त्याच्या गृहस्थपणीच्या वीणेची आठवण करून दिली. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल ठेवल्या तरी लागत नाही. तेथे वीणा वाजतच नाही. ती केवळ दृष्टांत आहे. पण तो दृष्टांत कळण्यासाठी वीणा जाणणारा कान हवा होता.

या सर्व उल्लेखांचा एकत्र विचार केला तर एक सूत्र हाती लागते. सुराला दारापर्यंत येण्याची मुभा आहे. आत बसून राहण्याची नाही.

तगर ते वेरूळ : दगडातील प्रतिध्वनी

मराठवाड्याच्या भूमीला ही परंपरा परकी नाही. किल्लारीचा परिसर तेरणा नदीच्या खोऱ्यात आहे. याच तेरणेच्या काठी, वरच्या बाजूस तेर हे गाव आहे. ते प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथून कापड भडोचच्या बंदराकडे जात असे. उत्खननात तेथे सातवाहनकालीन स्तूपाचे अवशेष मिळाले. आजच्या त्रिविक्रम मंदिराचा विटांनी बांधलेला, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आणि वर गजपृष्ठाकार छत असलेला भाग मूळचा बौद्ध चैत्य असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ज्या नदीच्या काठी १९९३ मध्ये जड छतांनी माणसे गाडली, त्याच नदीच्या काठी शेकडो वर्षांपूर्वी कमानदार विटांच्या छताखाली उपासक एकत्र बसत असावेत, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे.

अशा चैत्यगृहांत ध्वनीचे काय होते, याचा अनुभव वेरूळच्या दहाव्या लेण्यात, म्हणजे विश्वकर्मा लेण्यात घेता येतो. लाकडी फासळ्यांचे अनुकरण करणाऱ्या दगडी छताखाली एकाने शांतपणे गाथा म्हटली तरी स्वर भरून येतो आणि विरायला वेळ घेतो. म्हणणारा आपोआप पुढचा चरण उशिरा सुरू करतो, कारण मागचा अजून हवेत असतो. वास्तूच साधकाला थांबायला लावते. ज्याला आज परिसरसंगीत म्हणतात, त्याचे एक जुने रूप हे आहे. येथे वेगळे वाद्य नाही. माणसाचा श्वास आणि दगडाची पोकळी एवढेच आहे.

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सातव्या लेण्यात गर्भगृहाच्या भिंतीवर नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या सहा स्त्रिया कोरलेल्या आहेत. उत्तरकालीन बौद्ध धर्मात नृत्य-वाद्य पूजेचा भाग झाल्याची ती साक्ष आहे. कलेच्या दृष्टीने ते शिल्प अप्रतिम आहे. पण दारापर्यंत असलेला सूर तेथे गाभाऱ्यात गेला, ही ऐतिहासिक वस्तुस्थितीही त्याच दगडात वाचता येते.

जपानची बासरी आणि पश्चिमेचे प्रयोग

श्वास आणि वाद्य यांचा सर्वांत निकटचा संबंध बौद्ध जगात जपानमध्ये जुळला. तेथील फुके पंथाचे कोमुसो नावाचे साधक डोक्यावर वेताची टोपली घालून शाकुहाची ही बांबूची बासरी वाजवीत हिंडत. ते या वादनाला सुइझेन म्हणत, म्हणजे फुंकण्याचे ध्यान. बासरी हे त्यांच्या दृष्टीने वाद्य नव्हते, धम्माचे साधन होते. एका श्वासात एक सूर, सूर संपला की शांतता, मग पुढचा श्वास. येथे संगीत श्वासाच्या सोबतीला नव्हते, ऐकू येणारा श्वासच संगीत होता. १८७१ मध्ये मेइजी सरकारने हा पंथ बंद केला, तरी वादनाची परंपरा टिकून राहिली.

पुढे १९६४ मध्ये टोनी स्कॉट या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाची झेन ध्यानासाठीच्या संगीताची तबकडी निघाली. तीत शाकुहाची आणि कोतो वाजविणारे जपानी कलावंत त्याच्यासोबत होते. १९७८ मध्ये ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने विमानतळांसाठी म्हणून संगीत रचले आणि परिसरसंगीत ही संज्ञा रूढ केली. लक्ष दिले तर ऐकू यावे, न दिले तर अडथळा होऊ नये, अशी त्यामागची कल्पना होती. २००५ मध्ये बीजिंगमधील एफएम-थ्री या जोडीने, चीनमधील विहारांत पठणाचे स्वर अखंड वाजविणाऱ्या छोट्या डब्यांवरून प्रेरणा घेऊन, बुद्ध यंत्र नावाची एक पेटी काढली. तीत लहान स्वरावली पुन्हा पुन्हा वाजत राहते. पठणाचे तसे डबे आज आपल्याकडेही काही घरांतून दिसतात.

या प्रवासात एक बदल झाला, तो आपण ओळखला पाहिजे. कोमुसोच्या हाती स्वतःचा श्वास होता. आजच्या श्रोत्याच्या हाती फक्त बटण आहे.

आपला स्वतःचा वारसा

आंबेडकरी समाजासाठी ध्वनीला आणखी एक इतिहास आहे आणि तो जातिव्यवस्थेचा आहे. गावगाड्यात वाजविणे हे स्वेच्छेचे काम नव्हते. दवंडी देणे, गावच्या सणाला आणि लग्नाला वाजप करणे, ही कामे अस्पृश्य जातींच्या माथी मारलेली होती. ज्याने वाजवायचे त्याने देवळाबाहेर उभे राहून वाजवायचे, असा तो न्याय होता. बाबासाहेबांच्या चळवळीने गावकीची ही कामे नाकारायला शिकविले. त्याच वेळी तिने आवाज नाकारला नाही. भीमराव कर्डकांचे जलसे आणि पुढे वामनदादा कर्डकांची गीते यांनी त्याच ढोलकीला माणूस जागा करण्याच्या कामाला लावले. स्वतः बाबासाहेब उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकत होते, ही गोष्टही येथे आठवावी.

तेव्हा आपल्या समाजाने ध्यानाच्या संगीताला विचारावयाचा पहिला प्रश्न हा आहे की, हा सूर जागे करतो की झोपवितो? धम्म म्हणजे माणसामाणसांतील सदाचाराचे नाते, हे बाबासाहेबांनी निःसंदिग्धपणे मांडले. ज्या ध्यानातून उठल्यावर शेजाऱ्याचे दुःख अधिक स्पष्ट दिसते, ते ध्यान धम्माचे. ज्यातून फक्त गुंगी येते, ते नव्हे.

महाराष्ट्रात आनापानाचा व्यापक प्रसार विपश्यनेमुळे झाला. सत्यनारायण गोयंका यांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत भारतातील पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर नियमित शिबिरे होऊ लागली. दहा दिवसांतील पहिले तीन दिवस केवळ आनापान असते. संगीत, मंत्र, प्रतिमा यांपैकी कशाचीही जोड त्याला दिली जात नाही. तरीही तेथे ध्वनी अजिबात नाही असे नाही. पहाटेच्या बैठकीच्या अखेरीस पाली पठण ऐकविले जाते आणि बैठकांच्या शेवटी मंगलभावनेचे स्वर येतात. म्हणजे येथेही स्वर उंबरठ्यावर आहे, श्वासावर नाही. २९ सप्टेंबर २०१३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाला वीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, गोयंका यांचे निधन झाले.

आधुनिक शास्त्राचे दोन निष्कर्षही या परंपरेला पूरक आहेत. इटलीतील पाव्हिया येथील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले की, लयीत केलेल्या मंत्रपठणाने आणि ख्रिस्ती जपमाळेच्या प्रार्थनेने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावते आणि हृदयाच्या तालाशी तिचा मेळ बसतो. विहारात सामुदायिक वंदना झाल्यावर मन का स्थिरावते, याचा एक शारीरिक उलगडा त्यातून होतो. याच संशोधकांनी २००६ मध्ये निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकवून तपासणी केली. संगीताच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत रक्तदाब आणि हृदयाचे ठोके संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली आले. म्हणजे विश्रांती सर्वांत अधिक मिळाली ती सूर थांबला तेव्हा.

किल्लारीसाठी काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याच्या कानात भूमीचा आवाज बसला आहे, त्याला डोळे मिटून नि:शब्द बसा असे सांगणे सोपे आहे. पण भयाच्या आठवणी बाळगणाऱ्या काही माणसांना अशा शांततेत भीती वाढल्याचा अनुभव येतो. अशांसाठी वैद्यकीय मदत आधी आणि ध्यान नंतर, हे शिबिर घेणाऱ्यांनी पक्के लक्षात ठेवावे. ध्यानास बसविताना त्यांना सुराचा आधार देणे हे धम्मविरोधी नाही. तुटलेला पाय सांधेपर्यंत काठी घेणाऱ्याला कोणी दोष देत नाही. मात्र ती काठी कशी असावी, यासाठी वरील इतिहासातून चार गोष्टी निघतात.

एक, तो सूर श्वासाला ताल लावणारा नसावा. ठरावीक गतीने चढणारी-उतरणारी ध्वनीची लाट ऐकताच माणूस तिच्याबरोबर श्वास घेऊ लागतो. मग तो श्वास जाणीत नाही, श्वास चालवितो. ते प्राणायामाचे साधन होईल, आनापानाचे नव्हे.

दोन, त्यात सतत घुमणारा खर्ज नसावा. शहरातील श्रोत्याला जो खोल घुमारा गंभीर वाटतो, तो तेरणाकाठच्या माणसाला जमिनीखालच्या आवाजाची आठवण देईल. संगीत रचणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या कानाचा इतिहास विचारला पाहिजे. हा केवळ कलेचा प्रश्न नाही, करुणेचा आहे.

तीन, शक्यतो तो माणसाचा कंठ असावा. यंत्रातील अज्ञात सुरापेक्षा शेजारी बसलेल्या उपासिकेच्या तोंडची संथ वंदना अधिक आधार देते, कारण तिच्यात दुसरा माणूस श्वास घेत असल्याची खूण असते. नव्या जागी, सरळ रस्त्यांच्या नव्या गावठाणांत जुन्या गल्ल्यांचे ओळखीचे आवाज विखुरले गेले. तेथे एकत्र म्हटलेली वंदना हा गावाचा नवा ओळखीचा आवाज होऊ शकतो.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, त्या सुराला थांबता आले पाहिजे. पहिल्या दिवशी दहा मिनिटे वंदना आणि पाच मिनिटे शांतता, पुढे पाच मिनिटे वंदना आणि दहा मिनिटे शांतता, अशा क्रमाने सूर मागे सरत जावा. पंचशिखाची वीणा थांबली म्हणूनच सक्काला प्रश्न विचारता आले. जे संगीत अखंड चालू राहते ते साधकाला आपल्यावर अवलंबून ठेवते. जे योग्य वेळी थांबते ते त्याला त्याच्या श्वासापाशी सोडून जाते.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत मृतांना आदरांजली वाहिली जाते आणि काही क्षण सारे स्तब्ध उभे राहतात. १९९३ मध्ये जी शांतता भीतीची होती, ती त्या क्षणी स्मृतीची होते. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या माणसाला श्वासाचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. त्याला फक्त त्या श्वासापाशी निर्भयपणे बसता यावे, एवढी सोबत आपण करावयाची आहे. ती सुराने होत असेल तर सुराने करावी आणि मग सुराने नम्रपणे बाजूला व्हावे.